ऐंशी लिटर

आमच्या सेकंडहँड कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, पोटाखाली पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या आहेत, प्रत्येकी ऐंशी लिटरच्या. आहेत म्हणजे होत्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कारनार्व्हन गावाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, तिथल्या खडीतला एक धोंडा उडून पुढच्या टाकीला लागला. आम्हाला पत्ताच नाही. पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा मागून आलेला ट्रकवाला म्हणाला, "तुमचं काहीतरी गळतंय." मागे वळून पाहिलं तर डांबरावर लांबच लांब ओली रेघ, आणि तीही उन्हानं शेपटाकडून पुसत आणलेली.

नवरा म्हणाला, "जाऊ दे, एक आहे ना." तो मालवणचा आहे. त्यांच्या परसात विहीर, पावसाळ्यात वाकून हात घातला की पाणी. मी लातूरची. मी त्या रेघेकडे जरा जास्तच वेळ पाहत उभी राहिले.

निघालो होतो निंगालूला. पर्थपासून उत्तरेला साडेबाराशे किलोमीटर, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर. किनाऱ्यालगत सुमारे 260 किलोमीटर लांब प्रवाळाची भिंत आहे, 2011 साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. मुलं आपापल्या मार्गाला लागल्यावर नवऱ्यानं ही कॅरॅव्हॅन घेतली, आणि सहल-वीर म्हणून आमची ख्याती पेंचपर्यंतच असल्यामुळे मी सुरुवातीला हसून घेतलं. रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सरळ आहे. पन्नास मीटर लांबीचे ट्रक शेजारून गेले की आपली गाडी बाजूला सरकते, आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात म्हणून चारलाच मुक्काम गाठायचा.

कारनार्व्हन मात्र आवडलं. आजूबाजूला सगळं उजाड आणि मधेच केळीच्या बागा. गॅस्कॉइन नदीच्या पुलावर गेलो तर खाली नुसती वाळू. नदी आहे, पण बहुतेक वर्षभर वाळूच्या खालून वाहते. तिथलं पाणी उपसून बागा पोसतात. नवऱ्याला त्याचं कोण कौतुक. मी म्हटलं, अरे, हा झिरा आहे. मांजरेच्या पात्रात वाळू उकरून, पाणी साचेपर्यंत शेजारी बसून, वाटीवाटीनं घागर भरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. इथं वाटीऐवजी पंप, एवढंच. दोन डझन केळी घेतली. बुटकी, जाड सालीची आणि फार गोड.

केप रेंज राष्ट्रीय उद्यानात ऑस्प्रे बे म्हणून तळ आहे, तिथं सहा रात्रींचं आरक्षण होतं. तिथं समुद्र आहे, संडास आहे आणि गाडी लावायला खडीची जागा आहे. वीज नाही, नळ नाही. पाणी आपलं आपण आणायचं. जवळचं गाव एक्समाउथ, ऐंशीएक किलोमीटर मागे. नवरा म्हणाला, "मधे एकदा जाऊन कॅन भरून आणतो की." मी मनात हिशेब केला. ऐंशी भागिले सहा भागिले दोन. माणशी रोज साडेसहा लिटर.

"काही जायचं नाही," मी म्हटलं. "पुरेल."

आमच्या लहानपणी नळ आठ दिवसांनी यायचा, आणि येईल तेव्हा येईल, रात्री दोनलाही. मोरीपासून माजघरापर्यंत भांडी मांडलेली, त्यांना जणू घराण्याची नावं: पिण्याचा रांजण, वापरायचा हंडा, हात धुवायची बादली. लोकांकडे नवीन पाणी आलं की जुनं 'शिळं' म्हणून ओतून देतात. आमच्या आईच्या शब्दकोशात शिळं पाणी नव्हतं. डाळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं कढीपत्त्याला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी पर्थमध्ये होते. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. फोनवर आई म्हणाली, "अगं, पाण्याला आता रिझर्वेशन मिळालं."

तर हे सगळं शिक्षण पर्थला आल्यावर वाया गेलं होतं. ते इथं कामाला आलं. बटाटे समुद्राच्या पाण्यात उकडले, मीठ घालायचं कामच नाही. भातात एक भाग समुद्राचं, तीन भाग आपलं. भांडी आधी वाळूनं, मग समुद्रात, शेवटी एका मगात सगळी विसळायची. अंगावरचं खारं पुसायला माणशी एक तांब्या आणि ओला पंचा. टाकीला काटा होता, पण तो खोटं बोलत होता. रोज सकाळी मी गाडीखाली सरपटत जाऊन टाकी बोटांनी वाजवून बघायची. हंडा वाजवतो तशी. जिथं आवाज भरीव होतो तिथपर्यंत पाणी. मी खडूनं तिथं रेघ मारून ठेवायची. शेजारच्या प्रचंड कॅरॅव्हॅनमधले आजोबा मला तिथं पालथी पडलेली पाहून धावत आले, त्यांना वाटलं भोवळ आली.

मला पोहता येत नाही. लातूरच्या माणसाला कुठं पोहता येणार? नवऱ्यानं मला लाइफ जॅकेट चढवलं, मास्क लावला, तोंडात नळी दिली. टर्क्वॉइज बे नावाच्या जागी पाण्याला दक्षिणेकडून उत्तरेकडे ओढ आहे. किनाऱ्यानं दक्षिणेला चालत जायचं, पाण्यात शिरायचं आणि नुसतं पडून राहायचं. पाणीच आपल्याला प्रवाळावरून नेतं. फक्त पुढे वाळूचं टोक येण्याआधी बाहेर पडायचं, कारण त्यापलीकडे ओढ भिंतीतल्या खिंडीतून खोल समुद्राकडे वळते. हे सगळं तिथल्या पाटीवर चित्रासकट लिहिलेलं आहे. मी ती पाटी चार वेळा वाचली. नवऱ्याचा हात मी किती घट्ट धरला होता, ते त्याच्या मनगटावर संध्याकाळपर्यंत दिसत होतं.

तोंड पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा काय जाणवलं, तर आवाज. मला वाटलं होतं खाली शांतता असेल. कुडुम कुडुम, कुणीतरी फुटाणे खातंय. हिरवा-निळा, गुलाबी कडांचा पोपटमासा होता, चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडत. जरा पुढे गेला आणि मागून पांढऱ्या भुकटीचा एक ढग सोडला. वाळू! नवऱ्यानं नंतर सांगितलं, त्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यातली बरीचशी वाळू अशीच तयार होते. मी त्याच वाळूनं भांडी घासत होते. असो. राखेनं घासतच होतो की.

मग एक कासव आलं. माझ्याकडे न बघता वर गेलं, डोकं पाण्याबाहेर काढून एक श्वास घेतला, दमलेल्या म्हातारीसारखा 'हुश्श', आणि परत खाली. तेवढ्या वेळात मी स्वतः श्वास घ्यायची विसरले होते.

दुसऱ्या दिवशी भांडण झालं. मास्कवर वाफ धरते म्हणून तो आतून विसळतात, आणि नवऱ्यानं तो टाकीच्या नळाखाली धरला. सोडलेल्या नळाखाली! अर्धा लिटर तरी गेलं. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. तो म्हणाला, "अगं, समोर एवढा समुद्र आहे." मी म्हटलं, "तेच म्हणते, समोर एवढा समुद्र आहे, त्यात का नाही धुतलास?" त्यानंतर तो मास्कमध्ये थुंकून समुद्रात विसळायला लागला, आणि तीच खरी पद्धत असल्याचं आजोबांनी सांगितलं.

अबोला दुपारपर्यंत टिकला. मग तो आपणहून येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, मालवणला एवढं स्वच्छ का नसतं माहितीये? पावसात आमच्या खाड्या डोंगराची माती घेऊन येतात, समुद्र चहासारखा होतो. इथं पाऊसच नाही. एक्समाउथला वर्षाला तीनशे मिलीमीटरही पडत नाही, तुमच्या लातूरच्या निम्म्याहून कमी. गाळ आणायला नद्या नाहीत, म्हणून पाणी काचेसारखं, म्हणून प्रवाळ पार किनाऱ्याला येऊन टेकलेलं. उत्तरेकडून लीउविन नावाचा कोमट प्रवाह येतो तो वेगळा.

म्हणजे जमिनीवर थेंब नाही म्हणून समुद्रात एवढी वस्ती. मी त्यावर काही बोलले नाही, पण अबोला संपवला. दुष्काळाचं काही चांगलं बोलणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता, आणि तोही सासरचा.

पुढचे दिवस कसे गेले कळलं नाही. ऑयस्टर स्टॅक्स नावाच्या जागी भरती 1.2 मीटरच्या वर असली तरच उतरायचं, नाहीतर पोट प्रवाळाला घासतं. नवरा भरतीची वेळ तिथीवरून सांगायला गेला आणि दीड तासानं चुकला. दीड तास आम्ही खडकावर बसून केळी खाल्ली. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडायचा. तो दर वेळी म्हणायचा, "मालवणासारखा." ही 2024 च्या जुलैची गोष्ट. पुढच्याच उन्हाळ्यात तिथला समुद्र तापला आणि प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. ते फोटो आम्ही पाहिले. लव्हेंडर रंगाचं प्रवाळाचं जे झाड मी बोट दाखवून दाखवून त्याला दाखवलं होतं, ते त्यात आहे का, ते शोधायचं धाडस मात्र केलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी टाकी वाजवली. आवाज जवळजवळ तळापर्यंत पोकळ. तरी होतं थोडं, दहा-अकरा लिटर. रिकामी गाडी ओढायला हलकी, म्हणून निघताना टाकीतलं पाणी सोडून देतात. नवरा पाना घेऊन गाडीखाली शिरला. मी चपला झटकत ओरडणारच होते, तेवढ्यात त्याचा हात बाहेर आला आणि चाकाशेजारची बादली आत ओढून घेतली.

बादली भरून तो बाहेर आला. "याचं काय करू?"

सहा दिवसांच्या मिठानं माझे केस काथ्यासारखे झाले होते. मी पायरीवर बसून मान खाली घातली. शांपू नाही, काही नाही, नुसतं पाणी. तो तांब्यानं ओतत राहिला. अर्धी बादली झाल्यावर थांबला.

"बास?"

"ओत," मी म्हटलं. "सगळं ओत."