टॅक्स गेला, पैसेही गेले
आज इथे कॅनडात, मिसिसागात पेट्रोल भरताना शेजारच्या पंपावर ओळखीचे काका भेटले. म्हणाले, "पेट्रोलवरचा कार्बन टॅक्स गेला ते बरंच झालं, पण सरकारकडून यायचे ते तिमाहीचे पैसे का रे बंद केले?" अहो काका, ते त्याच टॅक्सचे होते! शेवटी-शेवटी लिटरमागे साडेसतरा सेंट जायचे, आणि आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात चौघांच्या कुटुंबाला दर तिमाहीला २८० डॉलर परत यायचे. जाताना टोचायचे, येताना बँकेत गुपचूप जमा.

'टॅक्स हटवा' म्हणून विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पॉलिएव्ह घसा कोरडा करत राहिले. १ एप्रिल २०२५ पासून तो शून्यावर आणला लिबरल पंतप्रधान कार्नींनी, ऐन निवडणुकीच्या तोंडावर. मुद्दाच पळवला की! मोठ्या कारखान्यांच्या कार्बन उत्सर्जनावरचा दर मात्र तेव्हा त्यांनी ठेवला. त्याबद्दल पंपावर कोण कशाला बोलेल?