स्लॅलमची जुनी बोट बघताना इंजिन शेवटी उघडा

बेळगावात इंजिनाला कुणी घाबरत नाही. उद्यमबागेत ब्लॉक बोअर होतो, शाफ्ट लेथवर चढतो, वाकलेली फ्लँज दुपारपर्यंत सरळ होऊन येते. म्हणूनच जुनी स्की-बोट, म्हणजे स्कीअरला दोराने पाण्यावर ओढणारी बोट, बघायला गेलेला माणूस आधी इंजिनाचं खोकं उघडतो, आवाज ऐकतो आणि तिथेच भाव ठरवून मोकळा होतो. हा क्रम उलटा करा. इंजिन आपल्या गावात दुरुस्त होतं. कुजलेले स्ट्रिंगर, म्हणजे तळातले दांडे, आणि वाईट वेक सहजी दुरुस्त होत नाहीत.

वेक म्हणजे बोटीमागे उठणारी लाट. स्लॅलम म्हणजे बोटीचा दोर धरून बोयांना (तरंगत्या खुणांना) वळसे घालत जाणं. त्याचा कोर्स २५९ मीटरचा, सहा बोये मध्यरेषेपासून ११.५ मीटर बाहेर. ताशी ५८ किलोमीटरला तो १६.०८ सेकंदांत संपतो आणि तेवढ्यात स्कीअर ही लाट पुन्हापुन्हा कापतो. लाट बसकी आणि मऊ हवी. इंजिन मधोमध, शाफ्ट थेट मागे, अशी डायरेक्ट ड्राइव्ह बोट तेवढ्यासाठीच लागते. व्ही-ड्राइव्हचं इंजिन मागच्या टोकाला असतं, बूड खाली बसतं आणि लाट वाढते. स्लॅलम हेच काम असेल तर व्ही-ड्राइव्ह स्वस्तात मिळाली तरी नको.

मास्टरक्राफ्ट प्रोस्टार १९०, स्की नॉटिक १९६, मालिबू रिस्पॉन्स या तिन्ही चांगल्या बोटी, पण लाट तिघींची वेगळी. ती नावावर ठरवू नका, आपला वेग आणि आपला दोर लावून बघा. बऱ्याच जुन्या बोटी १८.२५ मीटरच्या दोराला गोड वाटतात आणि १६ मीटरला नेमका पायाखाली कडक उंचवटा येतो. शिकाऊ स्कीअर सर्वांत जास्त दिवस या दोन लांबींवरच असतो, म्हणून चाचणी दोन्हींवर घ्या. पाणी खोल हवं. उथळ पाण्यात चांगल्या बोटीचीही लाट बिघडते. एप्रिल-मेमध्ये हिडकलचं पाणी उतरल्यावर घेतलेली चाचणी धरू नये. (राकसकोपचा विचारसुद्धा नको, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे.)

आता स्ट्रिंगर. तळाला आतून लांबीच्या दिशेने जाणारे हे दांडे, इंजिन यांच्यावरच बसतं. जुन्या स्की नॉटिकमध्ये ते लाकडाचे, फायबरग्लासने मढवलेले. १९९३ पासून कंपनीने लाकूड सोडलं. लाकडाला पाणी लागतं ते बोल्टच्या भोकांतून. इंजिन माउंटचे लॅग बोल्ट पाना लावून हलकेच आवळा. बोल्ट घट्ट धरला तर ठीक. नुसताच फिरत राहिला तर आत भुसा झालाय. मग लहान हातोडीने दांडा टोकापासून टोकापर्यंत वाजवत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द.

फरशीखाली भरलेला फोम भिजलाय का हे कळायला आपल्याकडे सोपी सोय आहे: साखर कारखान्याच्या रस्त्यावरचा वजनकाटा. बोटीसकट ट्रेलर काट्यावर घ्या, बोट पाण्यात सोडल्यावर रिकामा ट्रेलर घ्या. फरकातून टाकीतलं पेट्रोल वजा करा, लिटरला पाऊण किलो. उरलेलं वजन कंपनीच्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. सामान काढूनही शंभर-दीडशे किलो जास्त भरत असेल तर ते फरशीखालचं पाणी आहे. फरशी उचलणं, फोम खरवडणं, दांडे नवे घालणं म्हणजे अख्खा पावसाळा जातो आणि फायबरचा जाणता कारागीर लागतो. अशी बोट सोडून द्या, इंजिन कितीही गोड वाजो.

आता इंजिन उघडा. बहुतेक जीएमचा ५.७ लिटरचा व्ही-८ असेल, काहींत फोर्डचा ३५१. थंड देशातून आलेल्या बोटीत ब्लॉकच्या बाजूंना, मॅनिफोल्डखाली, टॉर्च मारून बघा. तिथे हिवाळ्यात आतलं पाणी गोठून ब्लॉक तडकतो, आणि विकणारा एपॉक्सी भरून रंग मारतो. तेल दुधाळ असेल तर तिथेच थांबा. कॉम्प्रेशन सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घ्या. सिलिंडरांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. गिअरबॉक्सचं तेल लाल हवं. गुलाबी-दुधाळ असेल तर कूलर फुटलाय.

इंजिन कोरडं सुरू करू देऊ नका, नळी लावूनच करा. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर मिनिटभरात जळतो. तुटलेली पाती पुढे अडकतात, ती शोधून काढल्याशिवाय नवा इम्पेलर घालून उपयोग नाही.

एक गोष्ट इथले मेकॅनिक हमखास चुकतात. स्टार्टर, अल्टरनेटर, कार्बोरेटर गाडीचे बसवतात. आकार जुळतो, पण बोटीच्या बंद खोक्यात पेट्रोलची वाफ साचते आणि मरीन भागांना ठिणगी किंवा पेट्रोल बाहेर न पडण्याची रचना असते. गाडीचा भाग दिसला तर तो बदलण्याचा खर्च भावातून कापा. ब्लोअर, म्हणजे ही वाफ बाहेर काढणारा पंखा, चालतोच असा बघा. सुरू करण्याआधी तो चार मिनिटं लावायचा असतो.

पंपावरचं ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) जुन्या रबरी नळ्या आणि गास्केटं खातं, शिवाय हवेतली ओल ओढतं. पावसाळाभर उभ्या बोटीच्या टाकीत पाणी-इथेनॉल खाली बसतं आणि इंजिन नेमकं तेच ओढतं. नळ्या सगळ्या बदला, जूनआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा.

वेग धरणारं यंत्र असेलच. त्यातल्या झिरो ऑफला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल लागतं. केबलच्या थ्रॉटलवर परफेक्ट पास बसतं आणि सरावाला ते पुरतं.

कागदपत्रांत बोटीचा क्रमांक जुळवा. अमेरिकन बोटीत तो मागच्या फळीवर उजवीकडे असतो, १२ अक्षरांचा, आणि १९८४ नंतर शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्षाचे. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणी लागते, धरणावर उतरायला पाणी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी वेगळी.

बोट घेतलीत तर शाफ्टची जुळणी जमिनीवर करू नका. पाण्यात तळ थोडा लवतो. टाकी भरून बोट दिवसभर तरंगू द्या. मग कपलिंगचे चार बोल्ट काढा, शाफ्ट किंचित मागे घेऊन फ्लँज पुन्हा टेकवा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. मग गिअरबॉक्सची फ्लँज न हलवता शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकडा किंवा कपलिंगचा चेहरा खराब, तो उद्यमबागेत डायलवर न्या. फट जागेवरच राहिली तर इंजिनाचे माउंट वरखाली करत तीन थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत आणा, आणि मग बोल्ट आवळा.