सहीचा कागद आणि आपला विदर्भी उन्हाळा

९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स हा चौघांचा इंग्लिश बँड न्यूयॉर्कमधल्या एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात झळकला. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो पाहिला. त्या काळातल्या त्यांच्या सह्या विकत घेताना सावध राहा: चौघांच्या नावाने नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हे त्यांचे सोबतीही सह्या ठोकत. १० पट भिंगातून पाहा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर सही छापील. बॉलपेनच्या खऱ्या सहीत रेघ कुठे दाट, कुठे फिकी असते, कागद किंचित दबलेला असतो.

सही खरी निघाली, तरी यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यात ती टिकवणं हेच मोठं काम. मे महिन्यात टिनाच्या छताखालची खोली भट्टी होते, पावसाळ्यात भिंत ओल धरते, आणि वाळवीला काय, बीटल्स अन् सातबारा सारखेच! लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने शाई बिघडते अन् प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. आम्लरहित पुठ्ठ्यावर कागदी कोपऱ्यांनी बसवा. काच सहीला टेकू देऊ नका, मध्ये ३-४ मिलिमीटर फट ठेवा. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, उन्हासमोर तर नाहीच.

डब्यात ठेवत असाल तर निळ्या सिलिका जेलची, म्हणजे ओल शोषणाऱ्या खड्यांची, पुडी टाका. खडे गुलाबी झाले की ओल भरली. ते तापवून वाळवता येतात, पण भाकरीच्या तव्यावर नको. त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्ट असतं.