फळ्यावरचा तिसरा रकाना

सातवीला मध्ययुगीन इतिहास शिकवताना शीख धर्माला मी वर्षानुवर्षं एकच तास देत आलो. टाचणवहीतलं वाक्य ठरलेलं: ‘हिंदू आणि इस्लाम या दोन्ही धर्मांतल्या चांगल्या तत्त्वांचा संगम.’ फळ्यावर तीन रकाने आखायचे, देव, मूर्ती, पुनर्जन्म, उपवास अशा ओळी पाडायच्या आणि तिसरा रकाना पहिल्या दोघांतून उचलून भरायचा. मुलं उतरवून घेतात, पेपरात लिहितात, मार्क पडतात. आणि हे मी शिकवत होतो नांदेडात, हजूर साहिब गुरुद्वाऱ्यापासून सायकलच्या अंतरावर.

त्या दिवशी मागच्या बाकावरून हरजीत उठला (नाव बदललंय). डोक्याला पटका, हजेरीला ‘यस सर’ म्हणण्यापलीकडे तोंड न उघडणारा पोरगा.

“सर, आमचा धर्म म्हणजे मिसळ आहे का?”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि तिथंच चुकलो, कारण तो हसला नव्हता.

“तसं नाही रे. गुरू नानकांनी दोन्हीकडचं चांगलं घेतलं, इतकंच.”

“पण उपवासाचं काय घेतलं?”

मी फळ्याकडे वळलो. पहिल्या रकान्यात एकादशी, दुसऱ्यात रोजा. तिसरा कोराच होता. “आमच्यात एकादशी पण नाही, रोजा पण नाही,” तो म्हणाला. दोन्हीकडे ‘आहे’ आणि इथं ‘नाही’. उचलायचं कुठून? पाचवे शीख गुरू अर्जनदेव यांच्या एका पदात हेच सरळ लिहिलंय, ‘वरत न रहउ न मह रमदाना’, म्हणजे मी व्रतही करत नाही आणि रमजानही पाळत नाही, आणि पुढे ‘ना हम हिंदू न मुसलमान’. हे मला त्या रात्री वाचल्यावर कळलं. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर.

मी खडू त्याच्या हातात दिला. त्यानं तोंडपाठ मूलमंत्र, म्हणजे देव कसा आहे हे सांगणारी ग्रंथाची पहिली ओळ, लिहून काढला: एक ओंकार, सतनाम, करता पुरख, निरभउ, निरवैर, अकाल मूरत, अजूनी, सैभं, गुरप्रसाद. निरभउला तो दोनदा अडखळला, पुसून पुन्हा लिहिलं.

“सर, अजूनी म्हणजे अजून का?” पहिल्या बाकावरून प्रश्न.

“नाही रे. जो योनीत येत नाही तो. म्हणजे देव जन्म घेत नाही.”

म्हणजे अवतार बाद. राम, कृष्ण ही नावं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात पुष्कळदा येतात, पण त्या एकाच निराकाराची नावं म्हणून. लगेच खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “मग आमच्यासारखंच की, सर. एक अल्ला, मूर्ती नाही.” हरजीतनं मान हलवली. “पण आम्ही पुन्हा जन्म मानतो. चौऱ्यांशी लाख.” मग फेऱ्यातून सुटायला संन्यास घ्यायचा का? तोही नाही. नाम जपायचं, कष्टाचं खायचं, वाटून खायचं. स्वतः नानक शेवटची वर्षं कर्तारपूरला शेती करत होते, हे तेवढं मी घातलं.

त्याची बाजू जिंकत आली होती तेवढ्यात त्याच्याच शेजारच्यानं टोकलं. “सर, हा म्हणतो मूर्तिपूजा नाही. पण ह्यांच्या गुरुद्वाऱ्यात रोज संध्याकाळी दिव्यांची आरती होते. मी बघितलीय.”

हरजीत गप्प. तासाची घंटा झाली. गणिताच्या सरांनी येऊन सगळा फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी तो आजोबांकडून उत्तर घेऊनच आला. “पंजाबात असं दिवे ओवाळत नाहीत, ही हजूर साहिबची रीत. पंजाबचे लोक येतात तेही विचारतात.” आणि गंमत म्हणजे आरतीत म्हटलं जातं ते नानकांचं पद सांगतं की गगन हेच ताट आणि सूर्य-चंद्र हेच दिवे. म्हणजे दिवे ओवाळायचे, आणि त्यांची गरज नाही असं गायचं! हे माझ्या कुठल्याच रकान्यात बसेना. बरं झालं.

त्या तासाला मी नामदेवांवर आलो. इथून जवळच, हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे त्यांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं; वर्गातली निम्मी पोरं तिथं जाऊन आलेली. नानकांचा जन्म 1469 चा, नामदेव गेले 1350 ला. आणि 1604 साली गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला तेव्हा कबीर, रविदास, शेख फरीद यांच्यासोबत नामदेवांचीही पदं घेतली, एकसष्ट. त्यातलं एक फळ्यावर लिहिलं: ‘हिंदू पूजै देहुरा मुसलमाणु मसीति। नामे सोई सेविआ जह देहुरा न मसीति॥’ नामा त्याचीच सेवा करतो, जिथं देऊळही नाही आणि मशीदही नाही. हरजीत चालीवर गुणगुणला. बाकीच्यांना अर्थ सांगावा लागला नाही.

पुढं घटक चाचणीत प्रश्न टाकला: शीख धर्मातील ईश्वराची कल्पना दोन वाक्यांत लिहा. पहिल्या बाकावरच्यानं लिहिलं होतं, ‘शीख धर्मात देव एकच आहे. तो अजूनी जन्माला आलेला नाही.’

दोनपैकी दोन दिले.