चाकाला जागा

आठ दिवस झाले, मिग-२१ या लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या व्हील बेमध्येच आहे मी. उड्डाणानंतर चाक आत घेतलं की ते ज्या पोकळीत बसतं, ती ही जागा. किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायचं प्लॅस्टिकचं मॉडेल, १:७२ प्रमाणाचं आहे. खऱ्या विमानाचे ७.१५ मीटरचे पंख माझ्या टेबलावर दहा सेंटिमीटरांत मावलेत, तेव्हा व्हील बे केवढा असेल ते बघा. किटात त्याच्या जागी एक उथळ खळगा आहे. तळाला दोन-तीन उठाव, आणि भिंती कोऱ्या.

त्या कोऱ्या का, हे मला बघताक्षणी कळतं. बेळगावच्या उद्यमबागेत एकतीस वर्षं मी फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यासाठी, लाकडी पॅटर्न केले, वाळूत साचा उमटवायचे नमुने. बिडाचं कास्टिंग गार होताना आकसतं, म्हणून मीटरमागे १० मिलिमीटर वाढवून लाकूड घडवायचं, आणि वाळूतून पॅटर्न अलगद उचलता यावा म्हणून बाजूंना किंचित ढाळ द्यायचा. आत पोकळी हवी असेल तर वाळूचा कोर, म्हणजे त्या पोकळीच्या आकाराचा गोळा, ठेवायचा. ओतकाम झालं की तो फोडून काढायचा. पोकळी कितीही वाकडी असू दे, वाळू फुटून बाहेर येते.

प्लॅस्टिक किटाचा साचा पोलादाचा. तो कोण फोडणार? त्याचे दोन अर्धे सरळ उघडावे लागतात, म्हणून वरून-खालून दिसणाऱ्या बाजूला नक्षी येते, आणि उभ्या भिंतीवर काही काढलं तर तुकडा साच्यातच अडकतो. सरकत्या भागांचे साचे असतात, पण माझ्या किटाचा साचा जुना आणि साधा. प्लॅस्टिक फार पातळ करून भागत नाही, म्हणून चाकाची झाकणं एक मिलिमीटर जाडीची. ७२ नं गुणलं तर ७२ मिलिमीटर, म्हणजे चार बोटं जाड दार! स्क्रॅचबिल्डिंगला, म्हणजे किटात नसलेले भाग स्वतः घडवण्याला, लोक हौसेची सजावट समजतात. माझ्या मते साच्याला जे जमलं नाही, ते हातानं पुरं करायचं काम आहे ते.

किट चार वर्षं माळ्यावर होतं. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ साली आलं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं (एचएएल) ही विमानं वर्षानुवर्षं बांधली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला, तो कार्यक्रम मी टीव्हीवर पूर्ण बघितला आणि उठून शिडी लावली. आमच्या पिढीनं आकाशात ज्याच्याकडे माना वर करून बघितलं, ते विमान अर्ध्या भिंतींचं करायला मन घेईना.

मागे मुलीकडे गेलो होतो गोवा एक्स्प्रेसनं, तेव्हा पालमच्या वायुसेना संग्रहालयात मिग-२१ समोर तासभर उभा राहिलो. वहीत पेन्सिलीनं रेखाटत होतो. या विमानाचा पंख इतका पातळ की त्यात चाक मावतच नाही. चाकाचा पाय, म्हणजे ते ज्या दांड्यावर असतं तो, पंखात जातो, आणि चाक मात्र जाता जाता वळून धडाच्या पोटात उभं राहतं. पंखाच्या वर धडाला जो फुगवटा दिसतो, तो त्या चाकासाठी. हे ज्यानं सुचवलं त्याच्यापुढे मी मनोमन हात जोडले.

आता काम. आधी खळग्याचा तळ ड्रिलनं आणि सुरीनं उडवला. नव्या भिंती मिठाईच्या डब्यातल्या पांढऱ्या ट्रेच्या. कुठलाही ट्रे चालत नाही. किटाच्या पातळ सिमेंटचा थेंब टाकायचा, विरघळून चिकट झाला तर ते पॉलिस्टायरीन, आपल्या कामाचं. आडव्या फासळ्या त्याच पट्ट्यांच्या, अर्ध्या मिलिमीटरच्या. नळ्यांसाठी तांब्याची वार्निशवाली तार. शेतीपंपांच्या मोटारी भरणाऱ्या पोराकडे गेलो.

"किती एचपीची मोटर आहे, मामा?"

"मोटर नाही रे, विमान आहे. छत्तीस गेजची हातभर दे."

त्यानं दिली, पैसे घेतले नाहीत. छत्तीस गेज म्हणजे सुमारे ०.२ मिलिमीटर, खऱ्या मापात चौदा मिलिमीटरची नळी. अगदी बरोबर. त्याहून बारीक वायरिंगसाठी स्प्रू ताणतो. (फाउंड्रीत धातू ओतायच्या वाटेला आम्ही स्प्रू आणि रनर म्हणतो, किटाचे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिलाही तेच शब्द. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं.) मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, स्प्रूचा तुकडा फिरवत धरायचा. मधे चकाकी आली, जरा लोंबला, की बाहेर काढून दोन श्वास थांबायचं आणि मग ओढायचं. घाईनं ओढलं तर कोळिष्टक होतं, सावकाश ओढलं तर तार जाड राहते. झाकणं मी टाकून दिली आणि शीतपेयाच्या कॅनच्या पत्र्यातून नवी कापली. तो पत्रा ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो.

एक चूक इथं सांगून ठेवतो, कुणाची तरी कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, वाचेल. कॉकपिटमधले पट्टे फॉइलचे केले होते, ते इन्स्टंट ग्लूनं चिकटवले आणि लगेच वर काच बसवून टाकली. जुलैचा महिना, बेळगावचा पाऊस, हवा ओली. सकाळी काच आतून दुधासारखी पांढरी. त्या ग्लूची वाफ दमटपणात काचेवर बसते. काच उचकटून टूथपेस्टनं दोन संध्याकाळी घासली, तेव्हा आरपार दिसू लागलं. आता काचेच्या आसपास फक्त फेव्हिकॉल, आणि आतलं काम झाल्यावर दोन दिवस उघडं ठेवायचं.

नातू शाळेतून आला की टेबलाशी उभा राहतो. "काय करूलास, आज्जा?" परवा त्याच्या हातात भिंग दिलं. बराच वेळ बघून म्हणाला, "पण चाक आल्यावर ही तार मोडंल की." बरोबर पकडलं पोरानं. पुष्कळ सुंदर मॉडेलांत व्हील बे नळ्यांनी खच्चून भरलेला असतो, आणि चाक खरंच आत आलं तर कुठे राहील, याचा विचारच नसतो. मला ते सोसत नाही. कोर बसेल की नाही हे बघायला आम्ही फाउंड्रीत तपासणीचा गेज करायचो, तसाच इथं केलाय. खरं चाक ८०० मिलिमीटर व्यासाचं, माझं ११.१. तेवढी चकती कापून टाचणीवर बसवली. ती पायाच्या बिजागरीपासून वळवत आत न्यायची, जिथे अडेल तिथली नळी भिंतीकडे सरकवायची.

रात्री डाव्या बाजूला चकती कशालाही न लागता आत जाऊन उभी राहिली. उजव्या बाजूला मात्र वरच्या कोपऱ्यातली तार घासतेय. उद्या चिमट्यानं ती अर्धा मिलिमीटर मागे घेतो.