एक तासाची बॅटरी आणि खानापूरचा पाऊस

इथं ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारांवरचे जुने लँडलाइन जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार. गळ्यात मदतीचं बटण (दाबलं, की घरातल्या यंत्रातून मदतीसाठी फोन लागतो) घालणाऱ्या लाखो म्हाताऱ्या माणसांची लाइन त्यामुळे राउटरवर येतेय. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच मिळायची. बेळगावात लाईट गेली तरी बीएसएनएलचा फोन वाजायचा तो त्यामुळेच. राउटरला ती सोय नाही. म्हणून इथला नियम सांगतो, की लाईट गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन फोन लागलाच पाहिजे, आणि गरजूंना ती सोय फुकट द्यायची. म्हाताऱ्यांचा इतका विचार केलाय याचं कौतुक वाटतं. पण एक तास? जुलैत बेळगावजवळ खानापूरकडे तारेवर झाड पडलं, तर तासाभरात लाईनमन तरी पोचतो का? या बाबतीत इन्व्हर्टर असलेलं आपलं गावाकडचं घर पुढे आहे; तिथं आई-बाबांसाठी असं बटण बसवायचं, तर जोडणी तेवढी नीट हवी.

फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही प्लग इन्व्हर्टरवर घ्या. एकटा राउटर जोडला, की त्याचे दिवे लागलेले दिसतात पण नेट नसतं. इन्व्हर्टरचा खटका यूपीएसवर ठेवा, नाहीतर लाईट जाता-येता राउटर नव्यानं सुरू होतो आणि तेवढी मिनिटं बटण मुकं. त्यापेक्षा सिमवर चालणारं यंत्र बरं. जिओचं सिम घालणार असाल तर फोरजीचंच घ्या, टूजीचं चालणार नाही.

इथून यंत्र आणू नका. युरोपातली ही बटणं ८६९ मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात परवान्याशिवाय मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ आहे.

यंत्रात पहिला नंबर शेजारच्या काकूंचा, किल्लीही त्यांच्याकडे. त्यांनी १०८ लावायचा. परदेशातल्या मुलाचा नंबर शेवटी, कारण बेळगावात पहाटेचे पाच वाजतात तेव्हा इथं मध्यरात्र असते. पोरं लांब गेली म्हणून ही वेळ आली, असं कुणी म्हणू नये. इथं त्याच गल्लीत मुलगी राहत असली तरी आई बटण घालते.

पडल्याचं आपोआप ओळखणाऱ्या बटणावर विसंबू नका. भिंतीला टेकत हळूहळू खाली बसलेलं माणूस त्याला कळत नाही. आंघोळीला जाताना बटण खुंटीवर राहतं, आणि घसरायची जागा तीच. पाण्यात चालणारंच घ्या. जाड मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीतून सिग्नल अडतो, तेव्हा महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून, न्हाणीतून आणि परसातून बटण दाबून बघा.