तुम्ही विचारलंत म्हणून: कोबीच्या कोशिंबिरीला पाणी का सुटतं?

सांगली-साताऱ्याकडे जेवून गेलेली माणसं कोबीच्या कोशिंबिरीबद्दल हमखास विचारतात: तुमच्याकडची शेवटपर्यंत कुरकुरीत कशी राहते? आमची ताटात वाढेस्तोवर पाणी सोडते, भाकरीची कड भिजते आणि कच्च्या कोबीचा उग्र वास येतो तो वेगळाच.

बहुतेक घरांत दोन गोष्टी चुकतात. धुतलेला कोबी ओला असतानाच चिरला जातो आणि मीठ फार लवकर पडतं. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. चिरलेल्या पानावर मीठ पडलं की ते आतलं पाणी बाहेर ओढतं. दहा-पंधरा मिनिटांत चीर मऊ पडते आणि वाडग्याच्या तळाशी पाणी साठतं. त्यात दाण्याचं कूट आधीच घातलेलं असेल तर त्याचा लगदा होतो.

सुरुवात गड्ड्यापासून करू. अर्धा-पाऊण किलोचा, आकाराच्या मानाने हाताला जड लागणारा गड्डा घ्यावा. देठाचा काप पांढरा हवा. तो तपकिरी, वाळलेला असेल तर गड्डा शिळा. तडकलेला गड्डा कोशिंबिरीला नको, भाजीला चालेल. पान किंचित हिरवट असलं तर उत्तम. अगदी पांढऱ्याफटक, दगडासारख्या घट्ट गड्ड्याच्या शिरा जाड असतात आणि त्या दातांखाली करकरतात.

वरची दोन-तीन पानं काढून टाकावीत, कारण फवारणीचं औषध आणि माती सगळ्यात जास्त तिथेच असते. गड्ड्याचे चार भाग करावेत, मधला दांडा तिरका काप देऊन काढावा आणि भाग दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावेत. पानांत लपलेली अळी बाहेर येते. मग वाहत्या पाण्याखाली पानं बोटांनी फाकवून धुवायची. कोबी कच्चा खायचा आहे, म्हणून इथे कंटाळा नको. धुतलेले भाग चाळणीत पालथे घालून वीस मिनिटं निथळू द्यावेत आणि सुती पंचाने टिपून घ्यावेत. चिरल्यावर कोबी कधी धुऊ नये. प्रत्येक चिरेला पाणी चिकटून राहतं आणि ते निघता निघत नाही.

आता चिरणं, कारण चव बरीचशी इथेच ठरते. कोबी मोहरीच्या कुळातला आहे. पान चिरलं किंवा चेचलं की मोहरी वाटल्यावर येतो तसा तिखट उग्रपणा सुटतो. पान जितकं चेचेल, तितका वास जास्त. म्हणून किसणी नकोच. किसलेला कोबी वासही सोडतो आणि पाणीही. धार लावलेली विळी किंवा पातळ पात्याची सुरी घ्या, पाव भाग सपाट बाजूवर ठेवा आणि शिरांना आडवं, सुताएवढं बारीक चिरत जा. चीर जमली की नाही, ते ओळखायला चिमूटभर कोबी वरून ताटलीत सोडून पाहा. तो मोकळा, फुलून पडला पाहिजे. गोळा होऊन पडला तर पातं बोथट आहे किंवा कोबी ओला आहे.

चार माणसांचं प्रमाण असं: चिरलेला कोबी पाव किलो, दाण्याचं कूट तीन मोठे चमचे, साखर एक लहान चमचा, मीठ पाऊण लहान चमचा, अर्ध्या लिंबाचा रस आणि मूठभर कोथिंबीर. फोडणीला दोन लहान चमचे शेंगतेल, अर्धा चमचा मोहरी, दोन चिमटी हिंग, पाव चमच्याहून कमी हळद, दोन हिरव्या मिरच्या आणि पाच-सहा कढीपत्त्याची पानं. ओलं खोबरं दोन चमचे घातलं तरी चालतं, पण आमच्या भागातली चव कुटाची आहे. खोबरं जास्त झालं की ती चव दबते.

कूट ताजंच करावं. दाणे मंद आचेवर, साल सुटून आत फिकट बदामी रंग येईपर्यंत भाजावेत, पूर्ण गार करावेत, साल पाखडून जाडसर कुटावेत. गरम दाणे मिक्सरला लावले की तेल सुटतं आणि कुटाचे गोळे होतात. मिक्सर एकसारखा न फिरवता थांबून थांबून फिरवावा.

फोडणीत मोहरी पूर्ण तडतडू द्यावी. अर्धवट राहिलेली मोहरी कडवट लागते. मग हिंग, लगेच मिरच्यांचे तुकडे आणि कढीपत्ता. मिरचीवर पांढरे फोड आले की गॅस बंद करायचा आणि त्यानंतर हळद घालायची. सांगलीची हळद रंगाला जोरदार असते, चिमूटभर पुरते आणि तापलेल्या तेलात क्षणात करपते. फोडणी दोन-तीन मिनिटं निवू द्यावी. कढत फोडणी ओतली तर ती पडेल तिथला कोबी वाफाळून मऊ पडतो आणि शिजलेल्या कोबीचा वास येतो.

निवलेली फोडणी कोबीवर घालून हलक्या हाताने कालवावं. तेलाचा पातळ थर प्रत्येक चिरेला लागला की पुढे मीठही जरा उशिरा लागतं. यात कोथिंबीर घालून वाडगं झाकून ठेवता येतं, तासभर काही बिघडत नाही. पानं मांडली की मीठ, साखर आणि लिंबू घालायचं, सगळ्यात शेवटी कूट. पंगत मोठी असेल तर दोन घाणे करावेत, एकदम सगळ्याला मीठ लावू नये. डब्यात न्यायची असेल तर मीठ-साखर आणि कूट कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत द्यावं आणि लिंबाची फोड सोबत ठेवावी.

काही जण कोबीला आधी मीठ लावून तो पिळून घेतात. कोशिंबिरीसाठी ही पद्धत आम्हाला पटत नाही. पिळलेल्या पाण्याबरोबर कोबीचा गोडवाही जातो. ती पराठ्याच्या सारणासाठी ठीक आहे.

कोबी मुळात थंडीचं पीक. मार्गशीर्ष-पौषात तो गोडसर असतो, तेव्हा साखर निम्मी करावी. साखरेऐवजी तासगावचे बेदाणे बारीक चिरून घातले तर फारच छान लागतात. आटपाडीकडची डाळिंबं आली की मूठभर दाणेही. उन्हाळ्यात कोबी उग्र लागतो, तेव्हा मात्र चिरल्यावर न धुण्याचा नियम मोडावा. चिरलेला कोबी बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवला की उग्रपणा उतरतो आणि कुरकुरीतपणा वाढतो. नंतर तो पंचात गुंडाळून न पिळता दाबून कोरडा करायचा, दोन पंचे लागले तरी चालतील.

एवढं करून उरलीच तर सकाळी तिची कोशिंबीर राहत नाही, हे खरं. पण सुटलेल्या पाण्यासकट ती थालीपिठाच्या भाजणीत घालावी. भाजणी त्याच पाण्यात मळली जाते. फक्त मीठ आधीच आहे हे लक्षात ठेवून वरून बेतानंच घालावं.